वेबसाइटवरचे रिकामे चौकोन

माझ्यावर कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवला नाय! डोळ्यांसमोर धडधडीत गणपती दिसतायत, आणि सगळे मलाच सांगतात, "दिसत नाहीत!" अशी फजिती झाली ना माझी, ऐका आणि पोटभर हसा. आज चालेल. त्या दिवशी कोणी हसलं असतं तर शाडूचा गोळा घातला असता डोक्यात.

आमचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. मूर्ती इथं होतात, रंगकाम रोह्याला माझ्या नणंदेकडे, मंदाकडे. फोटोही तीच काढते आणि तिच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवते. वेबसाइट मात्र चालते पेणला, रामवाडीच्या आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. यंदा इक्बालभाईंनी मंदाचा फोल्डर पेणला जोडून दिला, वेबसाइटनं थेट तिथूनच फोटो दाखवावेत म्हणून. इक्बालभाई आमचे कॉम्प्युटरवाले, आखातात नोकरी करून परत आलेले. म्हणाले, "ताई, फोल्डर रोह्यात, पण उघडेल पेणात." आणि उघडला की! मी चौथी शिकलेली बाई, माझ्या हातानं उघडून बघितला.

तर दुबईच्या मंडळाच्या सावंतांचा फोन. आमची वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर त्यांची.

"सुगंधाबाई, वेबसाइटवर नुसते रिकामे चौकोन आहेत. संध्याकाळी आमची बैठक. मूर्ती दिसल्या नाहीत तर आम्ही दुसऱ्या कारखान्यातून घेणार. जहाज काय आमच्यासाठी थांबत नाही."

"अहो, माझ्यासमोर उघडे आहेत सगळे! चष्मा लावा!"

सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला मी चष्मा लावायला सांगितलं. बोला आता!

"मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा."

"अजिबात नाय!" आज फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की उद्या शेजारच्या कारखान्यात तस्साच गणपती उभा. म्हणून तर गिऱ्हाइकाला पासवर्ड देऊन वेबसाइट दाखवतो आम्ही.

इक्बालभाईंना बोलावलं. त्यांनी वेबसाइट बघितली. "ताई, फोटो टाकलेच नसतील."

मी फोल्डर उघडून दाखवला. "मग हे काय, बटाटे?"

त्यांनी डोकं खाजवलं. मी नाय खाजवलं, कारण मला चोर कळला होता. मंदा! गेल्याच आठवड्यात पितांबराच्या रंगावरून आमचं वाजलं होतं. पेणला दाखवते आणि दुबईला लपवते बया! कशी लपवते? ते विचारायला मला वेळ कुठं होता? पकडली एसटी. गडब येईपर्यंत शिव्या ठरल्या, नागोठणं येईपर्यंत पाठ झाल्या.

मंदा ब्रश घेऊन बसलेली. सोबत रंगकामाच्या चार बायका.

"मंदे, काढ ते फोटो बाहेर!"

"आत कुठं हायत गो वैनी? हे बघ, सगळे हायत."

"मग दुबईला का दिसत नाय?"

"मी काय दुबईला जाऊन आड उभी राहिले?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला. इक्बालभाई! हात रंगाचे असूनही मंदानं माझ्या फोनचा स्पीकर लावला.

"ताई, भांडू नका, सापडलं! तुम्ही तुमच्या नावानं कॉम्प्युटर उघडता, म्हणून फोल्डर तुम्हाला दिसतो. वेबसाइट चालवणारा प्रोग्राम वेगळ्या नावानं काम करतो. त्याला त्या फोल्डरचं दार बंद आहे."

"कोण हा? नाव काय त्याचं?"

"डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू डेटा."

"हे काय नाव झालं? माझ्या दुकानात हा राहतो आणि मला पत्ता नाय?"

"राहतो ताई. पगार मागत नाही."

"पण मग दार बंद केलं कोणी?"

इक्बालभाईंनी आवाज अगदी हळू केला, "फोल्डर जोडताना मी विचारलं होतं, कोणाकोणाला दिसू दे? तुम्ही म्हणालात, माझ्याशिवाय कोणाला नाय. देव आला तरी नाय."

चारही बायकांचे ब्रश थांबले. मंदा तर जमिनीवरच बसली हसून. "वैनी गो! दुकान मांडलंस आणि वर गोणपाट टाकलंस!"

"उघडा हो दार त्याला!" मी ओरडले.

"देतो उघडून. फक्त बघेल, फोटोंना हात लावणार नाही."

मंदानं मोबाइलवर वेबसाइट उघडली. एक चौकोन भरला, दुसरा भरला, मग भराभर सगळे गणपती येऊन बसले! मी धपकन तिथल्याच रंगाच्या डब्यावर टेकले. तो उघडा होता हे उठल्यावर कळलं, पण साडी गेली तर गेली! सावंतांचा फोन आला, "दिसल्या बाई, सगळ्या मूर्ती दिसल्या. ऑर्डर तुमच्याकडेच." असा श्वास सोडला मी, की मंदाच्या ओट्यावरची रंगाची भुकटी उडाली.

मंदा चहा घेऊन आली. मी हात पुढं केला, तर कप मागं.

"आधी नाव घे."

"आता या वयात नवऱ्याचं नाव?"

"दादाचं नको. माझ्यावर आळ घेऊन आलीस ना? मग दुबईचे गणपती जिनं कोंडले, तिचं घे. मोठ्यानं!"

चौघी बायका कान टवकारून. काय करणार? घेतलं.

"सुगंधा म्हात्रे!"