गिटारची नळी आणि केळीचा चीक

मी निवृत्त होणार होतो त्याच आठवड्यात आमच्या कागद कारखान्याच्या वसाहतीतील क्लबची साठवणीची खोली रिकामी करण्यात आली. मोडक्या कॅरम बोर्डाखालून एक खोका निघाला. त्यात सहा मोठ्या रेकॉर्ड होत्या, फार वर्षांपूर्वी यंत्र बसवायला आलेल्या कुणा परदेशी इंजिनियरने मागे ठेवलेल्या. त्या रद्दीच्या ढिगात जाणार होत्या. मी त्या मागून घेतल्या, आणि हे कबूल करताना आजही संकोच वाटतो, पण मागून घेतल्या त्या गाण्यांसाठी नव्हे, त्यांच्या वेष्टनांसाठी. माझी सारी नोकरी कागद तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली. असा घट्ट, एकसारखा पुठ्ठा, ज्याची कडा इतक्या वर्षांनंतरही फुलली नव्हती, मी आयुष्यात हाताळला नव्हता.

बुऱ्हाणपुरातील घरी येऊन राहिल्यावर मी ती वेष्टने भिंगाखाली पाहिली. दोन रेकॉर्ड कंट्री संगीताच्या होत्या, दोन ब्लूजच्या, दोन सोलच्या. गायक वेगळे, वर्षे वेगळी. परंतु मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सहाही ठिकाणी एकाच गावाचे नाव छापले होते: नॅशव्हिल. चौकशी करता समजले, की त्या गावाला तिकडे गाण्यांचे शहरच म्हणतात.

"म्हणजे आपल्या इकडे केळी, तशी त्यांच्याकडे गाणी," सौ. म्हणाली. "घड मोजूनच पाठवत असतील."

क्लबचा रेकॉर्ड वाजवण्याचा डबाही मी सोबत आणला होता. तो दुरुस्त करायला मला एक पावसाळा लागला. मग एका दुपारी मी सुई टेकवली आणि, आता काय सांगावे, अठ्ठावन्न वर्षांचा मनुष्य पाटावर बसल्या बसल्या हसू लागला. दुःखाचेच गाणे होते ते, गाणाऱ्याच्या गळ्यावरून उघड कळत होते. तरीही मला हसू आवरेना. गायकाच्या मागून एक गिटार अशी सरकत होती, जणू कुणी ओल्या बोटाने काचेवर रेघ ओढीत आहे आणि रेघ संपू नये म्हणून काचच लांब होत चालली आहे.

सोलच्या रेकॉर्डवर एक बाई गात असे आणि तीन बाया तिला उत्तर देत. ती विचारी, या सांगत. ती रुसे, या समजूत घालीत. पण माझा जीव जडला तो ब्लूजच्या एका रेकॉर्डवर, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर. ते सुरू होण्याआधी खुर्ची करकरते, कुणीतरी हसते, आणि ते हसू पुरते संपण्याआधीच गिटार सुरू होते. माझ्या प्रयोगशाळेत असा ठिपका असलेला कागद मी बिनदिक्कत परत पाठवला असता. त्या गावाच्या लोकांनी मात्र ती खुर्ची पुसली नव्हती. मी सुई उचलून उचलून तेवढीच खुर्ची अकरा वेळा ऐकली.

"गाणं लावा की पुढं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "का खुर्चीच पाठ करताय?"

मी गिटार विकत घेतली ती यानंतर. ज्या बोटाने ती रेघ ओढली जाते त्यात एक नळी घालावी लागते, ती इथे कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी कापड विणायच्या लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या लेथवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी माझ्या डाव्या अनामिकेचे माप दोऱ्याने घेतले.

"साहब, ये कौन-सी मशीन का पार्ट है?"

"गिटार का."

"अब गिटार भी लूम पे चढ़ेगा क्या?" त्यांनी स्टीलची नळी कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि माझ्या बोटात बसवून दाखवली. जरा घट्ट होती. मी तसे म्हणालो, तर ते म्हणाले, "ढीली रखूँगा तो गाने के बीच में गिरेगी. फिर बोलोगे, चाचा ने गिराई."

सरावाला मी एक नियम घातला होता. आमच्या भिंतीपलीकडे पॉवरलूमचा कारखाना आहे. लूम चालू असतील तेव्हाच गिटार वाजवायची, म्हणजे शेजारीपाजारी कुणाला ऐकू जाणार नाही. शिवाय लूमची खटखट माझ्या गाण्याला ताल धरी, आणि असा बिनमोबदल्याचा, असा न थकणारा तबलजी कुणाला मिळतो? अडचण एकच. वीज गेली, की साऱ्या गल्लीतील लूम एकदम थांबत आणि माझा एक लांबलचक, बेसूर स्वर भर शांततेत उघडा पडे. मी हात हवेत धरून बसून राही.

"थांबलात का?" सौ. विचारी. "लाईट लूमची गेली. गिटारीला कुठं वायर आहे?"

माझ्या या भित्रेपणाचा इतिहास मोठा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पडदा उघडताच विंगेत पळालो होतो. निरोप समारंभात सहकारी माझ्याविषयी चांगले बोलले आणि उत्तराला मी उभा राहिलो, मान हलवली आणि खाली बसलो. चार कागदांवर लिहिलेले भाषण खिशातच राहिले. चार माणसांसमोर एखादी गोष्ट सुरू करून ती शेवटापर्यंत नेणे मला जन्मात साधले नव्हते, आणि हे मनाला किती लागते ते केवळ सौ.ला ठाऊक होते. म्हणूनच तिने मला न विचारता बहादरपूरला तिच्या भावाला फोन केला. पौषातल्या वांग्याच्या भरताला यंदा आमच्याकडून गिटार येईल, असे तिने सांगून टाकले. ते दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे, पूर्ण.

"अगं, मला नाही जमायचं."

"दोन वर्षं ऐकतेय मी. लूमसकट. जमतंय."

भरताचा बेत मेहुण्याच्या केळीच्या बागेत असतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचायची, आणि बागेतल्याच पानांवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायची. घरची पंधरा-वीस माणसे होती. मी गिटार लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवली आणि पाने कापून आणण्याचे काम चटकन अंगावर घेतले. त्यामागे माझी एक योजना होती, आणि ती मांडताना मला माझी शरम वाटते. बागेत खोल जायचे, खिशातली नळी एखाद्या बुंध्याशी टाकायची आणि परत येऊन दुःखी चेहऱ्याने सांगायचे, की नळी हरवली.

दहा-बारा पाने मी विळ्याने कापली. केळीचे पान कापले, की देठातून पाण्यासारखा चीक गळतो. तो हाताला लागतो तेव्हा कळतही नाही, आणि वाळला, की गोंद होतो. बागेत जन्म काढलेला मनुष्य त्या हाताने दुसऱ्या वस्तूला शिवत नाही. मी इतकी वर्षे या भागात राहूनही वसाहतीतला मनुष्य. नळी टाकून देण्यापूर्वी ती एकदा शेवटची बोटात घालून पाहावी, असे मला वाटले. घातली. हवेतच ते पहिले चार स्वर वाजवून पाहिले. छान सरकले. आठ वाजवले. मग, खोटे कशाला बोलू, त्या केळींच्या ओळींत उभे राहून मी सारे गाणे हवेत वाजवले, आणि संपल्यावर ती काढायला गेलो तर निघेना.

ओढली, पिळली, दातांनी धरून पाहिली. चीक वाळला होता आणि ओढाताणीने बोट सुजले होते. नळी हरवली म्हणायला निघालेला मनुष्य ती बोटात मिरवीत, डोक्यावर पानांचा भारा घेऊन परतला.

"दाजी, हे काय अंगठी घातली?" मेहुण्याने पहिल्या नजरेत पकडले. "बहनी, पाह्य, दाजींची सगाई झाली बागेत!"

हसण्याचा जो कल्लोळ उठला तो विहिरीवरच्या मोटारीपर्यंत गेला असावा. कुणी राख आणली, कुणी साबण शोधायला धावले. मेहुण्याने नळी धरून ओढली आणि मी बोटासकट त्याच्या मागे चार पावले गेलो. सौ.ची काकू, ऐंशीच्या घरातली, बाजेवरून म्हणाली, "अरे, चीक हाये तो. तेल लाव, तेल. पान्यानं नाही जात."

तेलाची वाटी सौ.च्या हातात होती. ती माझ्यासमोर आली, नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आमच्या लग्नाला तेहतीस वर्षे झाली आहेत. माझी योजना तिला तेवढ्यात पूर्ण समजली.

"तेल आहे," ती म्हणाली आणि वाटी पाठीमागे नेली. "आधी वाजवा. मग तेल."

"बरोबर!" मेहुणा ओरडला. "गाडी अशीही अडकलीच हाय, भाडं घेऊनच जाऊ द्या."

काकूने सरकून मला बाजेवर जागा दिली. कुणीतरी गिटार मांडीवर ठेवली. त्या थंडीच्या दिवसांत माझ्या तळहातांतून घामाच्या धारा लागल्या. समोर पंधरा-वीस चेहरे. शाळेचा पडदा, समारंभाची खुर्ची, खिशातले चार कागद, सारे एकाच वेळी आठवले. मी उठायच्या बेताने जरा हललो.

आणि बाज करकरली.

तिच्या त्या आवाजावर मेहुणा फसकन हसला. त्या गाण्याच्या आरंभी नेमके असेच होते! लाकडाची करकर आणि त्यावर कुणाचे तरी हसू. ते पुरते संपण्याआधी गिटार यायला हवी, दोन वर्षे हाताला तीच सवय होती, आणि मला काही ठरवता येण्यापूर्वीच माझा हात सुरू झाला होता.

पहिली ओळ गेली. नळी तारेवरून वर सरकली आणि ओळीच्या शेवटी थांबली, तोच काकू मोठ्याने म्हणाली, "हूं."

मी दचकलो, पण लगेच ध्यानात आले. सौ.च्या माहेरी गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकारा द्यावाच लागतो; हुंकारा थांबला, की सांगणाराही थांबतो. घरातल्या सगळ्या गोष्टींना हुंकारा द्यायचा मान काकूचा. तिला माझी गिटार कुणाची तरी गोष्ट सांगत आहे असे वाटले असावे. आणि ब्लूजच्या गाण्यांची रीत अशी, की पहिली ओळ दुसऱ्यांदा तशीच म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. मी पहिली ओळ पुन्हा वाजवली.

"बाई, हे तर आताच सांगितलं," काकू म्हणाली. "माह्या नणदेसारखं, एकच गोठ दोनदा. हूं, मंग?"

मग तिसरी ओळ.

"हां! अस्सं झालं तर!"

आता सगळेच हुंकारा देऊ लागले. हूं. मंग? हां! वेष्टनावरच्या त्या दूरच्या गावात तीन बाया ज्या जागी उत्तर देत, नेमक्या त्याच जागी माझ्या सासरची माणसे, कुणी न शिकवता, उत्तर देत होती. मला गुदगुल्या झाल्यासारखे होत होते. वाजवता वाजवता मी हसत होतो, एक स्वर चक्क घसरला, तर त्यालाही काकूने "अरेरे" असा हुंकारा दिला, जणू गोष्टीतला कुणी पडला होता. लूम नव्हते, तरी मेहुणा बडगीवर ठोके देत होता.

चौथ्या कडव्यात तळहाताचा घाम म्हणा किंवा आणखी काही, वाळलेला चीक सैल झाला. नळी सरकली, अगदी पेरापर्यंत आली, आणि पुढच्या क्षणी गवतात पडली असती. कुणी पाहिले नव्हते. पळून जायला इतके उत्तम निमित्त मला आयुष्यात मिळाले नव्हते: अहो, निघाली, संपले, आता जेवू. मी अंगठ्याने नळी पुन्हा बोटाच्या मुळापर्यंत ढकलली आणि पाचवे कडवे सुरू केले. मग सहावे. ते गाणे शेवटपर्यंत जाऊन जिथे थांबायचे तिथे थांबले.

कुणी काही म्हणण्यापूर्वी काकूनेच विचारले, "मंग? पुढं काय झालं त्याचं?"

"संपलं, काकू."

"असं कसं संपलं? मानूस घरी पोचला का नाही?"

लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि वांगी भाजून कधीची थंड झाली होती. सौ. तेलाची वाटी घेऊन जवळ आली. तिचे डोळे नेहमीपेक्षा जरा जास्त चमकत होते.

"आणा हात," ती म्हणाली.

मी मूठ घट्ट मिटली.

"नाही निघत अजून," मी म्हणालो. "काकूंचा मनुष्य घरी पोचायचा आहे. आणखी एक वाजवतो."