मच्छिंद्रचा अंगठा आणि बंद पडलेली कॅसेट

विमल कोळपे कांदा काढत होती तेव्हा कंपनीची जीप कारेगावात शिरली. रांजणगावच्या एका कारखान्यात तिचा नवरा मच्छिंद्र पत्रा दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर होता, आणि त्या सकाळी प्रेस त्याच्या उजव्या हातावर आली होती. दोन बोटं गेली. बाकीची डॉक्टरांनी कशीबशी टाचून ठेवली. अंगठा तेवढा वाचला, पण तोही लाकडासारखा ताठ.

टाके काढताना शिरूरचे डॉक्टर स्पष्टच बोलले. "अंगठा हलवत राहा. दुखेल, तरी हलवा. आखडला की मग माझ्या हातात काही राहत नाही."

मच्छिंद्रनं मान हलवली. अंगठा काही हलवला नाही.

घरी आल्यापासून तो हातावर टॉवेल टाकून भिंतीकडे तोंड करून पडायचा. विमल कोमट मिठाचं पाणी आणायची, ते तसंच गार व्हायचं. त्याची आई धुरपदा तेल घेऊन बसली की तो हात काढून घ्यायचा. "कशाला चोळतीस गं? मेलेला हाय त्यो. समदाच तोडून टाकायचा व्हता." म्हातारी मेंढरांच्या मागं रानोमाळ हिंडलेली, कशाला न भिणारी, पण हे ऐकलं की तेलाची वाटी उचलून गोठ्यात जाऊन बसायची. विमलनं तर एके दिवशी फवारणीच्या औषधाचा डबा उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवला. का ठेवला, ते कुणी विचारलं नाही.

अशात कंपनीतला दोस्त जालिंदर भेटायला आला, तो एक पिशवी घेऊन. पिशवीत टीव्हीला जोडायचा गेम होता. काळा-पांढरा डबा, वायरीचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर ९९९ गेम छापलेलं, आत मात्र तेच ते आठ-दहा फिरून फिरून यायचे. "पोरं अभ्यास करंनात म्हणून घरातनं काढला," जालिंदर म्हणाला. "तुझा येळ तरी जाईल."

पहिल्या दिवशी मच्छिंद्रनं रिमोट मांडीवर ठेवून डाव्या हातानंच सगळी बटणं दाबली. विटांच्या भिंतीआडून रणगाडे यायचे आणि त्याचा रणगाडा उडवायचे. गोळी सोडायचं बटण उजवीकडे. डावा हात तिकडे पोचेपर्यंत खेळ आटोपलेला असायचा. दोन-तीन दिवस त्यानं शिव्या घातल्या. मग एका दुपारी भाकरी थापता थापता विमलनं वळून पाहिलं, तर उजवा अंगठा बटणावर होता. थरथरत होता, पण दाबत होता. तिनं परातीतलं पीठ उगाच मळलं. बोलली असती तर त्यानं हात काढला असता, ही भीती.

महिनाभर घर जरा घर वाटायला लागलं. लाइट असली की तो खेळायचा. अंगठा पेरातून वाकायला लागला. "इमल, च्या टाक," अशी हाकही यायला लागली.

आणि श्रावणात कॅसेट बिघडली.

आधी रणगाड्यांचे तुकडे झाल्यासारखे दिसायला लागले, भिंतीच्या जागी भलतीच अक्षरं. मच्छिंद्रनं कॅसेट उपसली, तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली, परत बसवली. चालली. दुसऱ्या दिवशी दोन फुंकरा लागल्या, मग चार. मग फुंकून फुंकून त्याला धाप लागायची आणि पडदा नुसता करडा. त्यानं कॅसेट तिरकी बसवून पाहिली, डब्यात जोर लावून दाबून पाहिली, खाली पुठ्ठ्याची घडी सारली. एकदा चित्र आलं. डब्याला हलवू नका, कुणी जवळून चालू नका, असं तो ओरडत असतानाच तेही गेलं.

मग तो ओरडलाही नाही. रिमोट खाली ठेवला, हातावर टॉवेल टाकला आणि भिंतीकडे वळला.

"आवो, नीट करून आणू की," विमल म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. माझ्या हाताला जे जे लागतं ते मरतं."

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टरांचा शब्द विमलच्या डोक्यात घणासारखा वाजत होता. रोज सकाळी तो झोपेत असताना ती टॉवेल हळूच उचलून अंगठा बघायची. तो पुन्हा आत वळत चालला होता.

सासूला नवऱ्यापाशी बसवून, कॅसेट पदरात गुंडाळून ती शिरूरच्या जीपमध्ये बसली. एसटी स्टँडच्या मागं महेंद्र गायकवाड टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचं दुकान म्हणजे उघड्या टीव्हींच्या मधून जाणारी एक वाट. त्यानं कॅसेट बघून हसायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

"पोराची हाय का?"

"मालकांची," विमल म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. हात, अंगठा, शेजारी नेऊन ठेवलेला औषधाचा डबासुद्धा.

महेंद्रनं हातातलं काम बाजूला सारलं. स्क्रू काढून कॅसेट उघडली. आत एवढीशी हिरवी पट्टी निघाली. तिच्या कडेला ओळीनं सोनेरी रेघा, पण कडेच्या रेघांवर हिरवट काळं किटण.

"फुंकर मारत्यात ना?"

"व्हय. त्यानंच चालायची."

"त्यानंच गेली. चालती ती काढून परत बसवल्यामुळं, घासून निघती म्हणून. फुंकरीनं तोंडाची वाफ आत जाती. पितळी भांडं ओलं ठिवलं की कळंक चढतो, तसं हे."

कळंक विमलला सांगायची गरज नव्हती. महेंद्रनं खोडरबरानं एकेक रेघ घासली, कापसावर स्पिरिट घेऊन पुसली, वाळू दिली. दुकानातल्या डब्यात घातली, तर रणगाडे लखलखीत. विमलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. परतीच्या वाटेत ती कॅसेट दोन्ही हातांत धरून बसली होती.

घरी कॅसेट लावली. पडदा करडा.

काढून लावली. करडा. मच्छिंद्र पाठमोराच होता, पण त्याला कळलं. "सांगितलं व्हतं," एवढंच बोलला. विमल तिथंच जमिनीवर बसली. थोड्या वेळापूर्वी डोळ्यांनी पाहिलेलं चित्र या घरात येताच विझतं म्हणजे काय? खरंच याच्या हाताला काही लागलंय की काय, असं तिच्याही मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

सकाळी ती पुन्हा शिरूरला, या वेळी अख्खा डबा पिशवीत घालून. पण महेंद्र दौंडला मयतीला गेलेला. शेजारच्या पानवाल्याकडून तिनं तिथला नंबर घेतला आणि एसटीडी बूथवरून दौंडला फोन लावला. मागं रडारड ऐकू येत होती. तिला लाज वाटली, तरी फोन ठेववेना.

"ताई, कॅसेट माझ्याकडं चालली म्हंजी कॅसेट चांगली हाय," महेंद्र हळू आवाजात म्हणाला. "दोष डब्याच्या खाचेत. जोरानं दाबून आतले पितळी दात मागं रेलल्यात, कॅसेटला टेकत न्हाईत. प्लग काढा. बारीक सुई घ्या, एकेक दात जरासा पुढं वढा. जरासाच. मोडला तर डबा गेला."

घरी येऊन विमलनं डबा चुलीपुढच्या उजेडात धरला. सुई खाचेत घातली की डबा सरकायचा. गुडघ्यात धरला, तरी सरकला आणि सुई दातावरून निसटली.

"आवो, धरा की जरा."

मच्छिंद्र भिंतीकडेच तोंड करून पडून राहिला.

"मी मोडीन ह्यो. मग मला काय बोलू नका. मला एकटीला न्हाई व्हत आता, काहीच न्हाई व्हत," ती म्हणाली, आणि आवाज फुटून ती हमसून रडायला लागली. इतक्या महिन्यांत त्याच्यासमोर ती पहिल्यांदा रडली.

मच्छिंद्र उठला. समोर येऊन बसला. डावा हात एका बाजूला लावला, आणि दुसऱ्या बाजूला उरलेली बोटं आणि तो अंगठा. दाबताना त्याच्या कपाळाची शीर तटतटली, पण डबा हलला नाही. विमल दातामागून दात ओढत गेली.

या वेळी चित्र आलं.

दिवाळीपर्यंत तो खेळला. कॅसेट एकदाही फुंकली नाही. पडदा करडा झाला की ती रबरानं घासायची, पुसायची. अंगठा बोटाला टेकायला लागला. आणि मग एक दिवस घासून, दात ओढून, सगळं करूनही पडदा करडाच राहिला. मच्छिंद्र स्वतः शिरूरला गेला. महेंद्रनं पट्टीवरचा काळा डांबराचा ठिपका दाखवला. "चिप ह्याच्याखाली असती. ती गेली. हिला आता इलाज न्हाई."

विमल घराबाहेर वाट बघत उभी होती. शेवटची जीप येऊन गेली, तो उतरला नाही. ती फाट्यापर्यंत धावली. अंधार पडता पडता तो हमरस्त्यानं चालत येताना दिसला. जीप चुकली होती, म्हणाला. तिनं त्याचा सदरा मुठीत धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढं कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. अंगठा आणि एका बोटात त्याला पेला धरता येतो, कुलूप लावता येतं. प्रेस पुन्हा कधी चालवता आली नाही. तो हसतो, बोलतो, आईला दवाखान्यात नेतो. पण कंपनीची बस यायला उशीर झाला की विमल हातातलं काम टाकून दारात येते, आणि बस वळणावर दिसेपर्यंत तिथंच उभी असते.