व्यासपीठावरची आमची खुर्ची

नव्वदच्या दशकात आमच्या वाळवा तालुक्यातल्या गावात पक्षाची सभा असली की व्यासपीठावर एक खुर्ची मुसलमानाची असायची. सर्वधर्मसमभावाला तेवढी पुरे! त्या खुर्चीवर माझे चाचा वर्षानुवर्षं बसले. धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचा. गावाचा निम्मा ऊस त्यांच्या हातावर भिजायचा. डोक्याला कायम पांढरी गांधी टोपी. पण सभेत ती चालत नसे. लांबून मुसलमान ओळखू येत नाही म्हणे! म्हणून पक्षानं खास इस्लामपुरातून जाळीची गोल टोपी आणून ठेवली होती. कार्यकर्ता ती सभेआधी पिशवीतून काढायचा, सभा संपली की परत न्यायचा. डोकं आमचं, टोपी पक्षाची.

मी तेव्हा बावीसचा, पक्षाची पत्रकं लिहिणारा. 'अल्पसंख्याकांना न्याय्य वाटा' ही ओळ मीच दर पत्रकात घालायचो, आणि मीच भारावून जायचो.

त्या वर्षी चाचांनी पंचायत समितीचं तिकीट मागितलं. पुढाऱ्यानं पाठीवर हात ठेवला आणि तिकीट स्वतःच्या मेव्हण्याला दिलं.

"आवं चाचा, तुमी स्टेजवर हायच की!" कार्यकर्ता म्हणाला. "खाली कशाला उतरताय?"

त्याच संध्याकाळी सभा. अर्ज भरायला एकच दिवस उरलेला. चाचा आले, गांधी टोपी नीट केली आणि खाली सतरंजीवर बसले. वर खुर्ची रिकामी. कार्यकर्त्याला घाम फुटला. शेवटी त्यानं जाळीची टोपी लाउडस्पीकरवाल्याच्या डोक्यावर बसवली आणि त्यालाच खुर्चीत ढकललं. गडी मराठा, तालमीतला.

पुढाऱ्यानं न बघताच तिकडं हात केला. "हे आमचे मुस्लिम बांधव!"

बांधवानं हात जोडले.

"आरं लेका, सकाळी तर मारुतीच्या देवळात हुतास की रं!" मागून कुणीतरी ओरडलं.

सभा हसून लोळली. चाचा हसले नाहीत. "म्हंजे माझ्या जागी कुणीबी चालतंय व्हय," एवढंच बोलले.

सकाळी लाउडस्पीकरवाला दुकानात आला, मान खाली घालून. "चाचा, लय चुकलं."

चाचांनी उमेदवारीचा अर्ज त्याच्यापुढं सरकवला. "अपक्ष उभा ऱ्हातोय. सूचक म्हणून सही कर."

त्यानं केली. पत्रक मी लिहिलं. 'न्याय्य वाटा' खोडला आणि घातलं: 'मोटार जळल्यावर ज्याच्या दारात येता, त्याला मत द्यायलाही या.'