लक्कव्वाचं कुंडाला जाणं

लक्कव्वा रिटायर झाली त्या दिवशी दवाखान्याच्या लाँड्रीतल्या बायकांनी तिला एक साडी दिली, ओटी भरली आणि दारापर्यंत सोडायला आल्या. हुबळी-धारवाडच्या मधल्या रायापूरला घरी पोचल्यावर तिनं साडी कपाटात ठेवली आणि पंख्याखाली आडवी झाली. सिद्राम, तिचा नवरा, चहा घेऊन आला तेव्हा ती झोपली होती. तो चहा त्यानंच पिऊन टाकला.

लग्न होऊन हुबळीत आल्यापासून ती दवाखान्याचे कपडे धूत आली होती. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी, बाळंतिणींची लुगडी, रक्ताचे, पुवाचे डाग. पूर्वी मोठ्या पिंपात सोड्याचं पाणी उकळायचं आणि कपडे काठीनं ढवळायचे. पुढे मशीन आलं, तरी डागाचे कपडे आधी हातानं भिजवावे लागतच होते. तिच्या बोटांची पेरं सुजून गाठीसारखी झाली होती. गुडघे तर कधीचेच गेले होते.

सिद्रामचं शरीरही काही वेगळ्या अवस्थेत नव्हतं. तो तारिहाळला ओतकामाच्या कारखान्यात होता. एकदा पायावर साचा पडला, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा. कारखान्यात लोखंड घेऊन येणाऱ्या रत्नागिरीकडच्या एका लॉरी ड्रायव्हरनं त्याला सांगितलं होतं, "अण्णा, आमच्या गावाजवळ गरम पाण्याचं कुंड आहे. जमिनीतूनच उकळतं पाणी येतं. दोन दिवस पाय बुडवून बसा, पळायला लागाल." ड्रायव्हर पुन्हा कधी दिसला नाही, पण कुंड सिद्रामच्या डोक्यात बसलं. थंडीत पाय ठणकायला लागला की तो म्हणायचा, "एकदा कुंडाला जायला पाहिजे."

"जाऊ की," लक्कव्वा म्हणायची आणि भाकरी थापत राहायची.

आता तिची नोकरी संपली आणि मुलगी प्रीतीनं हे मनावर घेतलं. प्रीती हुबळीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिच्या वॉर्डातली सावनी नुकतीच त्याच बाजूला जाऊन आली होती. कुंडापासून जवळच, नदीकाठच्या आमराईत, मुकुल नावाच्या मुलानं तंबू टाकले होते. तंबूत राहायचं, बाहेर शेकोटी, सकाळी कुंडात अंघोळ. प्रीतीनं मोबाईलवर फोटो दाखवले.

"तंबूत?" लक्कव्वानं विचारलं. "घर असताना?"

"अव्वा, मजा असते त्यात."

"आणि अंघोळ गरम पाण्यात." लक्कव्वा थोडा वेळ फोटो बघत बसली. "जन्मभर त्याच वाफेत उभी होते की गं. तुझ्या अप्पांना घेऊन जा. मी घर बघते."

पण सिद्राम तिच्याशिवाय जाईना. तसं त्यानं स्पष्ट सांगितलं नाही. ती नाही म्हणाली की तोही म्हणायचा, "मग राहू दे, पुढच्या वर्षी बघू." प्रीती वैतागली. शेवटी लक्कव्वाच म्हणाली, "येते बाई. कधी ते ठरव."

ते ठरवणंच अवघड होतं. मुलगा सिद्धांत बेंगळूरला होता. तो गाडी घेऊन येणार होता. डिसेंबरचा एक शनिवार धरला, तर त्याच्या ऑफिसात काही निघालं. पुढचा आठवडा धरला, तर प्रीतीची रजा नाकारली. दोन नर्सा आजारी होत्या. ती सलग रात्रपाळ्या करून सकाळी घरी यायची, डोळे तांबडे, आणि जेवता जेवता विचारायची, "मग जानेवारीत जमेल का?" "बघू" म्हणून विषय संपायचा. सगळेच दमलेले होते.

शिवाय नळाचं पाणी. ते आठवड्यातून एकदा यायचं, आणि कधी ते कुणाला ठाऊक नसायचं. घरी माणूस नसलं आणि पाणी येऊन गेलं की पुढचा आठवडा शेजाऱ्यांच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं. जानेवारीतली तारीख ठरली, बॅगा भरल्या, आणि पाणी आलंच नाही. लक्कव्वा उंबऱ्यावर बसून राहिली. "टाकी रिकामी ठेवून मी कुठं जात नाही," तिनं सांगून टाकलं. सिद्धांतचा फोन आला, "अक्का, मग मी निघू की नको?" प्रीती म्हणाली, "नको." दुसऱ्या दिवशी गल्लीत आरडाओरडा झाला, "नीर बंतु, नीर बंतु!" पाणी आलं होतं. लक्कव्वा पाइप घेऊन धावली. टाकी भरली, पिंपं भरली, पातेली भरली. पण सिद्धांतची सुट्टी तोवर संपली होती.

त्या संध्याकाळी प्रीती पायरीवर आईशेजारी येऊन बसली. "अव्वा, खरं सांग. तुला यायचंच नाही ना?"

लक्कव्वा पायाला तेल चोळत होती. ती म्हणाली, "ते कुंड देवळातलं आहे ना?"

"देवळाच्या बाजूला आहे."

"आपण उतरलेलं चालतं का, विचारलंस?"

प्रीतीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "आता कोण विचारतं जात?"

"भाड्यानं घर बघत होतीस तेव्हा नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग घर द्यायचंच नाही म्हणाले. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत." लक्कव्वानं तेलाची बाटली बंद केली. "लहानपणी तुझ्या अप्पांना गावच्या विहिरीवरून दगड मारून हाकललंय. पोहायला उतरले म्हणून. ते सांगत नाहीत. पण इतकी वर्षं कुंडाला जायचं म्हणतात आणि जात नाहीत, ते काय नुसतं कामापायी? तिथं जाऊन कुणी काही बोललं तर या वयात त्यांना सोसायचं नाही. मला तर नाहीच."

प्रीती उठली. आत जाऊन तिनं मुकुलला फोन लावला. तारीख, जेवण, गाद्या, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "कुंडात सगळ्यांना उतरता येतं ना?"

"हो ताई. बायकांचं कुंड वेगळं आहे. फक्त साबण लावायचा नाही."

"नाही, म्हणजे... कुणालाही?"

पलीकडे जरा थांबून मुकुल म्हणाला, "कुणालाही. आम्ही सगळे तिथंच अंघोळ करतो."

त्याला प्रश्न कळला की नाही, प्रीतीला सांगता येईना. तिनं आईला एवढंच सांगितलं, "चालतं म्हणतात."

"म्हणतात," लक्कव्वा म्हणाली. पण बॅगा तिनं उपसल्या नाहीत.

फेब्रुवारीत, टाकी भरून घेतल्यावर, सिद्धांतची वाट न बघता तिघंच निघाली. बेळगाव, मग कोल्हापूर, मग घाट उतरणारी एसटी. सिद्रामचा पाय सीटखाली मावत नव्हता. प्रीती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि लक्कव्वा मांडीवर भाकरीचं गाठोडं धरून जागी होती. आमराईत पोचेपर्यंत दिवस मावळला. मुकुलनं शेकोटी पेटवली होती, पण कुणी तिच्याजवळ बसलं नाही. जेवून तिघं तंबूत शिरली आणि निजली.

सकाळी सिद्राम धोतर आणि टॉवेल घेऊन तयार झाला. लक्कव्वा म्हणाली, "मीही येते. उतरत नाही. नुसती येते."

कुंड दगडी होतं, पायऱ्यांचं. पाण्यावर वाफ धरली होती, गंधकाचा वास येत होता. चार-पाच पुरुष आधीच पाण्यात होते. सिद्राम सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहिला. टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला, पुन्हा खांद्यावर टाकला. लक्कव्वा आणि प्रीती मागे कठड्याला टेकून होत्या.

पाण्यातल्या एका म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "कुठून आलात?"

"धारवाडहून."

"लांबून आलात की." म्हातारा बाजूला सरकला. "या, इथं बसा. एकदम पाय टाकू नका, भाजतो. आधी हातानं पाणी घ्या."

एवढंच. नाव नाही, आडनाव नाही, आणखी काही नाही. सिद्राम एक-एक पायरी उतरला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मग तो बसला आणि पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आलं. त्यानं डोळे मिटले. त्याचा चेहरा असा सैल झालेला लक्कव्वानं कधी पाहिला नव्हता, त्याला झोपेतही कपाळाला आठी असायची. तिचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले आणि प्रीतीला म्हणाली, "चल, मला तंबूपर्यंत सोड."

"तू नाही उतरत? बायकांकडे कुणी नाहीय आत्ता."

"नको गं. झालं माझं."

तंबूत गादीवर आडवी झाली ती दुपारपर्यंत उठली नाही. प्रीती नर्सच ती, दोनदा आत जाऊन आईची नाडी बघून आली. दुसऱ्यांदा लक्कव्वानं डोळे न उघडताच म्हटलं, "जिवंत आहे. झोपू दे." बाहेर आंब्याला मोहोर होता, माशा गुणगुणत होत्या, लांब कुणीतरी नारळ सोलत होतं. उठून भिजवायला काही नव्हतं, वाळत घालायला काही नव्हतं. संध्याकाळी चहाला उठली आणि पुन्हा झोपली. दोन्ही दिवस तिनं असेच काढले. सिद्राम मात्र दिवसातून तीनदा कुंडाला जात होता. त्या म्हाताऱ्याशी त्याचं जमलं होतं.

परतीच्या एसटीत प्रीतीनं विचारलं, "अप्पा, पाय?"

"दुखतोय," सिद्राम म्हणाला. "तेवढाच." मग बायकोकडे वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी परत यायचं का?"

लक्कव्वा खिडकीबाहेर बघत होती. घाट चढताना ऊन डोळ्यांवर येत होतं. "यायचं की," ती म्हणाली. "तुम्ही भिजा. मी झोपते." आणि सिद्रामच्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं डोळे मिटले. कोल्हापूर यायला अजून अवकाश होता.