पाच मागण्यांची म्हातारी

पुण्यात एक बाई होत्या. नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचून त्या प्रकाशकांकडे न्यायच्या. चारा छावणीवरच्या माझ्या गोष्टी त्यांनी तिसऱ्यांदा परत पाठवल्या. सोबत दोन ओळी होत्या : 'माणसं चांगली आहेत. पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तुम्ही मोर्चा काढता.'

मोर्चा काढणारच. मी वाचायला शिकलो ते चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवर. शेवटी मागणी नसलेला कागद आमच्याकडे चुलीत जायचा.

त्याच आठवड्यात बाईंनी माझ्या मित्राची कादंबरी घेतली. तो नांदूरघाटचा. दुष्काळात आम्ही दोघं एकाच छावणीत जनावरं घेऊन होतो. छावणी सहकारी कारखान्याची आणि त्याचे चुलते कारखान्याचे संचालक. वशिला, मी ठरवून टाकलं. चहाच्या टपरीवर बोलूनही दाखवलं. पुण्यातली बाई इथल्या संचालकाला कशाला विचारेल, हे मला कळत होतं. तरी बोललो.

पुस्तक छापून आलं आणि तो ते घेऊन घरी आला.

"गेवराईला प्रकाशन हाय. पत्रक लिहून दे."

"मी कावून लिहू? चुलत्याला सांग की."

"टपरीवर काय बोलतोस ते कळलंय मला," तो हसला. "पण पत्रक तुझ्यावानी कुणाला जमतंय बे?"

पत्रकासाठी पुस्तक वाचणं भाग होतं. चुका काढायला पेन्सिल घेऊनच बसलो. साठाव्या पानावर आमच्या छावणीतली म्हातारी भेटली. माझ्या गोष्टीत मी तिच्या तोंडी पाच मागण्या घातल्या होत्या. इथं ती आपल्या पेंढीतली मूठभर वैरण शेजारच्या बैलापुढे टाकते आणि म्हणते, "खा, तुजा मालक येईस्तोवर." बस. पान तिथंच संपतं.

पेन्सिल टेकली नाही. अंगाचा तिळपापड झाला.

पत्रक लिहून दिलं. चांगलं झालं, तेही मला सहन होईना. मग माझी गोष्ट काढली आणि पाचही मागण्या खोडल्या. मागण्या खऱ्याच होत्या, आजही आहेत. पण उरलेल्या दीड पानात म्हातारी नुसती बसून होती. तिनं वैरण टाकली तेव्हा मी कुठं होतो? निवेदनावर तिचा अंगठा घेऊन पुढच्या दावणीला गेलो होतो. मित्र मात्र तिच्यापाशीच बसला होता.