लाल बटणातला आवाज

चकाचक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं चौकशी केलीत तर गल्लीत कोणी दाद देणार नाही. जिन्याखालच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक रडवेल्या तोंडानं यंत्र टेबलावर ठेवायचं आणि हा स्क्रू काढता काढता म्हणायचा, "काळजी सोडा, चकाचक करून देतो." तेच नाव पडलं.

माणूस कामाला वाघ. स्वच्छतेचं वेड तर असं, की कीबोर्डची एकेक कळ उपटून जुन्या टूथब्रशनं घासणार. आणि एक खोड होती त्याला. दुरुस्त केलेलं यंत्र परत देताना त्यात सफाईचा एक प्रोग्राम तो आपणहून घालून द्यायचा. फुकटात मिळायचा, त्यावर हिरव्या खराट्याचं चित्र होतं. कोणी मागायचं नाही, पण वर काहीतरी दिल्याशिवाय याला चैन पडत नसे. "आता कचरा आपोआप निघत राहील," असं ऐटीत सांगायचा. अरे बाबा, काय काय निघेल ते एकदा बघायचंस तरी!

त्याची थोरली बहीण गाडी शिकवायची. ताईचा आवाज म्हणजे काय सांगू! ती गाडीत बसून "ब्रेक!" म्हणाली की शेजारच्या गाडीतला माणूससुद्धा ब्रेक मारायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्याच आवाजानं तिनं धाकट्याला वाढवलं. शाळेत हाकललं, आजारपणात निजवलं, पहिली नोकरी सोडून आला तेव्हा सोलून काढलं. "गाढवा" हा तिचा आवडता शब्द. त्याचे किती प्रकार होते ते फक्त त्याला ठाऊक.

मग ताईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताई शांत होती आणि याच्याच तोंडचं पाणी पळालं. रडून झाल्यावर तो कामाला लागला. लॅपटॉपवर त्यानं तिच्यासाठी बोलायचा फळा बनवला. बोटानं बटण दाबलं की तिच्याच आवाजात शब्द यावा. ऑपरेशनच्या आधी सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. पहिली फेरी त्यानं समोर बसून करून घेतली. "माईककडे बघू नकोस, माझ्याकडे बघून बोल," म्हणाला. दोघंही घाबरलेली होती. ताई हळूहळू, त्याच्या डोळ्यांत बघत एकेक शब्द म्हणाली. गाढवासुद्धा.

ऐकून ताईच म्हणाली, "हे काय मेलं मिळमिळीत! असं बोलून जन्म काढायचा का मी?" मग ती एकटी खोलीचं दार लावून बसली आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणाली. रागानं, चेष्टेनं, कंटाळून, खेकसून. "हो" कितीतरी तऱ्हेचा. त्यानं प्रत्येक शब्दाला रंगीत बटणं दिली. पिवळं चेष्टेचं, निळं कंटाळ्याचं, लाल रागाचं. फाइलींना नावं मात्र सरधोपट: गाढवा एक, गाढवा दोन, गाढवा तीन. शिवाय एखादी फाइल सापडली नाही तर ताई मुकी राहू नये, म्हणून अशा वेळी पहिली फाइल वाजेल अशी सोयही करून ठेवली. किती हुशार!

ऑपरेशननंतर ताईनं त्या फळ्यावर घर डोक्यावर घेतलं. भावजींना लाल, भाजीवाल्याला लाल, सगळ्यांना लाल. चकाचकचा जीव भांड्यात पडला.

पुढे लॅपटॉप जरा संथ झाला. त्यानं तो दुकानात आणला, आतबाहेर पुसला, आणि हाताच्या सवयीनं हिरवा खराटा घालून परत दिला.

काही दिवसांनी भावजींचा फोन आला. "अरे, पडद्यावर सारख्या चुकांच्या पाट्या येतात. आणि तुझी ताई... कसं सांगू, गोड बोलायला लागलीय."

"म्हणजे चांगलंच आहे की!"

"चांगलं कसलं! चेहरा रागानं लाल, आणि आवाज साखरेसारखा. दोन दिवस तिनं ते यंत्र उघडलेलं नाही. मला भीती वाटते रे."

तो तसाच पळत गेला. ताई खिडकीशी पाठ करून बसलेली. गळ्यातल्या श्वासाच्या भोकावरचा रुमाल श्वासागणिक हलत होता. त्यानं फळा उघडून एक लाल बटण दाबलं. 'फाइल सापडली नाही' अशी पाटी आली आणि मागोमाग मऊ आवाजात "हो" आला. दुसरं लाल बटण, तेच. निळं, पिवळं, तेच. त्यानं रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला. प्रत्येक शब्दाची एकच फाइल उरली होती, पहिली. तेवढ्यात कोपऱ्यात हिरवा खराटा डोकावून म्हणाला, 'सारख्या नावांच्या जास्तीच्या फाइली काढून आम्ही तुमचा कॉम्प्युटर हलका केला आहे.'



आधी हा काढायचा, या एकाच विचारानं तो खराट्यामागे लागला. साध्या रीतीनं काढायला गेला तर 'प्रोग्राम वापरात आहे' म्हणून नकार. बंद केला तर आपोआप चालू. फोल्डर पुसला, यंत्र बंद करून सुरू केलं, तर खराटा पुन्हा हजर. गोचीड बरी, ती निदान ओढली की निघते! शेवटी त्यानं मोजक्याच गोष्टी जागवणाऱ्या सेफ मोडमध्ये यंत्र उघडलं. यंत्र सुरू होताच खराट्याला पुन्हा आणून बसवणारी एक छुपी सूचना सापडली, ती आधी तोडली. मग त्याची मुळं एकेक करून उपटली. पुन्हा सुरू केलं. खराटा आला नाही. इतर वेळी त्यानं टाळी वाजवली असती.

पुसलेल्या फाइली परत आणायची साधनं त्याच्याकडे होती. ती चालवली. हाती काही लागेना, कारण खराटा पुसून थांबत नव्हता, रिकाम्या जागेवर पुन्हा पोतेरं फिरवत होता. त्यानं जास्तीची प्रत ठेवली होती ती पेनड्राइव्हवर, आणि ताईनं हरवू नये म्हणून तो पेनड्राइव्ह त्यानंच लॅपटॉपला कायमचा खोचून ठेवला होता. तोही चकाचक झाला होता.

भावजी दारात उभे होते. "कोणी घातलं रे हे असलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. असल्या गोष्टी कुठूनही घुसतात, हे रोज गिऱ्हाइकांना सांगायचा तो. पण ताई वळून त्याच्याकडेच बघत होती.

"मी," तो म्हणाला. "ताई, मीच घातलं गं. न विचारता. तुझा सगळा आवाज गेला. ही पहिली फेरी तेवढी उरलीय, मला समोर बसवून म्हटलेली."

ताई उठली. तिची मान ताठ झाली, शिरा फुगल्या. तरातरा येऊन तिनं लाल बटण दाबलं.

"गाढवा," लॅपटॉप म्हणाला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसं.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. बोट वाकेपर्यंत दाबलं. "गाढवा. गाढवा. गाढवा." दर खेपेला तेवढंच प्रेमानं. त्याला ते सोसवेना. "ताई, ओरड ना गं माझ्यावर," तो म्हणाला आणि त्याला हुंदका आला.

तिनं खाडकन लॅपटॉप मिटला. त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला स्वतःकडे वळवलं आणि तोंड उघडलं. आवाज कुठला यायला! गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडत होता. ओठ मात्र शब्दाशब्दाला नीट हलत होते, लहानपणी तो अभ्यास चुकवायचा तेव्हा हलायचे तसे. त्याला सगळं कळत होतं. त्यानं मान खाली घातली नाही. तिचं सगळं बोलून होईपर्यंत तो तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला.