सुनेची शितं

कोरियातल्या बोंगह्वाच्या डोंगरात रीतच आहे: सोन्याच्या मोलाची सोंगी अळंबी उगवते ती जागा पोटच्या पोरालाही सांगायची नाही. सांगायचीच तर मरताना, तीही जीभ वळत असेल तर. ओकबुनच्या सासूची वळली नाही. मग काय, अठरा वर्षं पाइनच्या रानात पायपीट करून ओकबुनने आपली जागा आपण हुडकली. तेव्हापासून गावात तिचा तोरा काय विचारता. इतरांच्या जागा एकेक करून आटल्या, हिची टोपली मात्र दर शरदात भरलेली. "डोंगर माणूस ओळखतो," ती म्हणायची, आणि बायका मागून नाकं मुरडायच्या.

आता अठ्ठ्याहत्तरी आली आणि डोळ्यांत धुकं उतरलं. डॉक्टर म्हणाला, राहिलंय तेवढंही वर्षभरात जाईल. मुलगा बोटीवर, वर्षातून एकदा उगवणारा. तिच्याबरोबर जागाही मातीत जाणार, या विचाराने तिची झोप उडाली. शेवटी ती सुनेला, जोंगनानला म्हणाली, "उद्या चल. पण फुकट नाही. वाटेत जे विचारीन ते ओळखायचं. एक चुकलं की माघारी."

सकाळी रानात धुकं इतकं दाट, की झाडंच हळूहळू आपल्या बाजूने चालत जातायत असं ओकबुनला वाटे. फुलं तिला फुलं दिसतच नव्हती, रंगाचे ओघळ दिसत.

"हा जांभळा?"

"बचनाग. हात लावला तर धुवायचा."

"निळा?"

"दोराजी. याचं मूळ तुम्ही खोकल्याला देता. कडू जहर."

"म्हणून तर खोकला पळतो. ही पांढरी अळंबी?"

जोंगनान खाली बसली, बोटांनी माती उकरली. "देठाला झालर आहे, आणि बुडाशी वाटी. खाल्ली की तिसऱ्या दिवशी तिरडी."

"वाटी वरून दिसते का?"

"नाही. वरवर बघणाऱ्याचंच घर बुडतं."

ओकबुन मनातून सुखावली, पण कौतुक करणं तिच्या रक्तात नव्हतं. चढाच्या वळणावर तांबूस फुलांचा सडा होता, प्रत्येक फुलाच्या ओठावर दोन पांढरे ठिपके. ती न बोलता पुढे झाली.

"हे नाही विचारलंत, आई?"

"फालतू गवत. चल."

"सुनेची शितं म्हणतात याला. भात शिजला का बघायला सुनेनं दोन शितं तोंडात टाकली, सासूनं तिला मारून टाकली. तिच्या थडग्यावर हे उगवलं."

"मी कधी हात उगारला का तुझ्यावर?"

"हात नाही. पळी."

"ती निसटली होती," ओकबुन म्हणाली. दोघी थोडा वेळ हसू दाबत चालल्या.

जागा आली. तो वास, तीच उतरती माती. ओकबुन गुडघ्यांवर बसली आणि पाइनच्या काड्यांतून हात फिरवू लागली. इथे असायची. नव्हती. इथे तरी? नव्हती. "संपली गं," ती म्हणाली. "तुला द्यायला आणलं आणि हातात काहीच नाही."

जोंगनानने तिचा हात धरला, वीतभर डावीकडे नेऊन ठेवला. बोटांखाली गार, घट्ट टोपी लागली.

"तुला कशी दिसली?"

"दिसली नाही. ठाऊक होती. आठ वर्षं झाली."

ओकबुनने टोपीवरून बोटं उचलली.

"तुम्ही रानात प्रत्येक फुलाचं नाव सांगता, आई. या सुनेच्या शितांपाशी तेवढ्या गप्प बसता. म्हणून मी ती फुलं धरून वर आले. दर वसंतात येऊन पाचोळा ओढते, काड्यांचा थर साचला की सोंगी गुदमरते. आणि ही दोन वर्षं तुम्ही यायच्या आदल्या दिवशी येऊन अळंबीची टोकं उघडी करून ठेवत होते. काल नाही आले. म्हटलं, आज तुम्हीच दाखवणार."

म्हणजे डोंगराने कुणाला ओळखलं नव्हतं. ओकबुनला आधी लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही विरघळून डोळ्यांतून वाहू लागलं.

"एक तरी खाल्लीस?"

"नाही."

"का गं, बये?"

"तुम्ही दिली कुठं होती?"

ओकबुनने बाहीने नाक पुसलं, काठी टेकून उभी राहिली आणि घसा खाकरला. "सूनबाई, ही आपली जागा. नीट बघून ठेव. एक इथे येते. दुसरी त्या खडकापाशी. तिसरी त्या वाकड्या झाडाखाली."

खडकापाशी उगवणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. वाकडं झाड गेल्या वादळात पडलं होतं.

"हो, आई," जोंगनान प्रत्येक वेळी म्हणाली.